रामन, झोका आणि अष्टमीचा चंद्र

28 फेब्रुवारी जवळ आला, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शाळांमधून एक तसबीर कपाटाबाहेर निघते. डोक्याला दाक्षिणात्य धाटणीचा फेटा, रुंद कपाळ आणि समोरच्याची परीक्षा घेत असल्यासारखी नजर. तसबिरीला हार घातला जातो, एखादी चुणचुणीत मुलगी पाठ केलेलं भाषण म्हणते, प्रयोगांचं प्रदर्शन भरतं आणि संध्याकाळी तसबीर पुन्हा कपाटात जाते. 1928 साली याच तारखेला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना त्यांचा जगप्रसिद्ध शोध लागला, म्हणून 1987 सालापासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. मद्रासकडे जन्मलेले, कलकत्त्यात नावारूपाला आलेले आणि बंगलोरला स्थिरावलेले रामन आपल्या साग-मोहाच्या मुलखाला तसे परकेच वाटतात.

पण 1910 साली हेच रामन नागपुरात नोकरीला होते. आणि तेही विज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नव्हे, तर सरकारी हिशेब खात्याचे अधिकारी म्हणून! वय अवघं बावीस. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती आणि आपला चांदा जिल्हा त्याच प्रांतात मोडत होता. आजचा गडचिरोली जिल्हाही त्याच चांद्याच्या पोटात होता. तो वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी. दिवसा जमाखर्चाचे आकडे तपासणारा हा तरुण अधिकारी घरी परतला, की राहत्या जागेतल्या एका भागात मांडलेल्या प्रयोगशाळेत शिरत असे.

उभी नोकरी मी बँकेत काढली. त्यातली काही वर्षं गडचिरोलीकडच्या एका शाखेत गेली. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे एक स्नेही संध्याकाळी गप्पा मारायला येत. अकरावी-बारावीची मुलं एका शब्दापाशी हमखास अडतात, असं ते सांगत. तो शब्द म्हणजे फेज. मराठीत त्याला कला म्हणतात. मुलं सूत्र पाठ करतात, कंसातला आकडा बरोबर लिहितात, गुणही मिळवतात. पण कला म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की माना खाली घालतात. त्या वेळी मलाही ते सांगता आलं नसतं. पुढे निवृत्तीनंतर रामन यांच्या चरित्राच्या नादी लागलो, तेव्हा लक्षात आलं, की या माणसाचं सारं आयुष्य या एका शब्दाभोवती फिरलेलं आहे. त्याचं यशही आणि त्याचा सर्वांत मोठा पराभवही.

तेव्हा आधी हा शब्द समजून घेऊ. त्यासाठी फार लांब जायला नको. गावाबाहेरच्या चिंचेच्या फांदीला दोन झोके बांधले आहेत, असं समजा. दोऱ्यांची लांबी अगदी सारखी. लांबी सारखी म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळही सारखा. दोन मुली एकाच क्षणी निघाल्या, तर त्या बरोबर पुढे जातील आणि बरोबर मागे येतील. त्यांची कला एक आहे. पण दुसरी मुलगी थोडी उशिरा निघाली, तर? दोघींचा वेग तोच, हेलकाव्याची उंचीही तीच. तरीही पहिली पुढच्या टोकाला पोचते तेव्हा दुसरी अजून वाटेत असते. हा फरक उंचीतला नाही आणि वेळकाळातलाही नाही. आपापल्या फेऱ्यात कोण कुठवर आलं, एवढाच तो फरक आहे. यालाच कलांतर म्हणायचं. दोऱ्या सारख्या आहेत तोवर हे कलांतर कायम राहतं. एक दोरी आखूड केली, की ते क्षणाक्षणाला बदलू लागतं.

इथे मुलांची एक चूक होते. झोका कुठे आहे, यालाच ती कला समजतात. पण झोका मधोमध दोनदा येतो, एकदा पुढे जाताना आणि एकदा मागे येताना. जागा एकच, कला मात्र वेगळी. हे ज्याला पटत नसेल, त्याने आकाशातला चंद्र पाहावा. शुद्ध अष्टमीला चंद्र अर्धा दिसतो आणि वद्य अष्टमीलाही अर्धाच दिसतो. पण पहिला वाढता आहे, मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. दुसरा घटता आहे, मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. प्रकाश सारखाच, फेऱ्यातलं स्थान निराळं. आपल्या पूर्वजांनी चंद्राच्या कला हा शब्द उगीच वापरलेला नाही. पंचांगातली तिथी म्हणजे कलेचं मापच आहे. सूर्यापासून चंद्र 12 अंश पुढे सरकला की एक तिथी. 30 तिथ्या झाल्या की 360 अंश, म्हणजे एक पूर्ण फेरा. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्यात 180 अंशांचं अंतर. त्याला शास्त्रात विरुद्ध कला म्हणतात. आजची तिथी कोणती, हा आजीचा प्रश्न आणि कला किती, हा पदार्थविज्ञानाच्या पेपरातला प्रश्न, मुळात एकच आहेत.

आता रामन यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 रोजी तिरुचिरापल्लीचा. वडील चंद्रशेखर अय्यर पुढे विशाखापट्टणमच्या महाविद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले. घरात पुस्तकं होती आणि संगीतही होतं. मुलगा अकराव्या वर्षी मॅट्रिक झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून 1904 साली तो पदवी घेऊन बाहेर पडला, तो पदार्थविज्ञानाचं सुवर्णपदक घेऊनच. पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला जावं, असं शिक्षकांना वाटत होतं. पण प्रकृती तोळामासा. तिथली हवा या मुलाला मानवणार नाही, असा निर्वाळा सरकारी डॉक्टरांनी दिला आणि तो बेत तिथेच राहिला.

1906 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, रामन यांचा पहिला निबंध इंग्लंडच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. आयताकृती फटीतून प्रकाश तिरका जाऊ दिला, तर पडद्यावर उजेड-अंधाराचे जे पट्टे उमटतात, त्यांविषयी तो निबंध होता. प्रकाश अधिक प्रकाश म्हणजे अंधार कसा होऊ शकतो? त्याचं उत्तर कलेत आहे. फटीच्या निरनिराळ्या भागांतून निघालेल्या लहरी पडद्यावर एकाच कलेत पोचल्या, तर एकमेकींना बळ देतात. विरुद्ध कलेत पोचल्या, तर एकमेकींना पुसून टाकतात. सागाचा अवजड ओंडका हलवताना मजूर एका सुरात हाळी देतात, ती काही हौस म्हणून नव्हे. दहा जणांचा जोर एकाच क्षणी लागला तर ओंडका हलतो. पाच जण पुढे आणि पाच जण मागे रेटू लागले, तर घाम सगळ्यांना येतो आणि ओंडका जागचा हलत नाही.

पण संशोधनावर पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. रामन यांनी वित्त खात्याची स्पर्धा परीक्षा दिली आणि तीत पहिला क्रमांक मिळवला. 1907 साली लोकसुंदरी यांच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी हे जोडपं कलकत्त्याला दाखल झालं. एकदा कचेरीच्या वाटेवर रामन यांना बहूबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 साली देशी लोकांच्या विज्ञानाभ्यासासाठी काढलेली ती संस्था होती. इमारत होती, उपकरणं होती. काम करणारा माणूस तेवढा नव्हता. तो त्या दिवशी दारात येऊन उभा राहिला.

मग सुरू झाला दहा वर्षांचा दुहेरी संसार. पहाटे साडेपाचला संस्थेत, पावणेदहाला घरी येऊन अंघोळ आणि चार घास, मग कचेरी, पाचला कचेरी सुटली की परस्पर पुन्हा संस्थेत आणि रात्री साडेनऊ-दहाला घर. मधल्या काळात रंगून आणि नागपूरला बदल्या झाल्या, तरी घरच्या घरी काम चालूच राहिलं. 1911 साली ते कलकत्त्याला परतले. या दहा वर्षांत त्यांनी दोन डझनांहून अधिक निबंध प्रसिद्ध केले, आणि कचेरीच्या कामात कसर राहिली अशी तक्रार नाही. दिवसभर खतावण्या तपासून संध्याकाळी लेखणी हाती धरणाऱ्या माझ्यासारख्याला यातला कष्ट कळतो. पण पुढे त्यांनी जे केलं, ते माझ्याच्याने कधी झालं नाही.

1914 साली आशुतोष मुखर्जी यांनी कलकत्ता विद्यापीठातलं पालित प्राध्यापकपद त्यांच्यापुढे ठेवलं. पगार जवळजवळ निम्मा होणार होता. शिवाय या पदासाठी परदेशी शिक्षणाची अट होती. रामन यांनी निम्मा पगार मान्य केला. अट मात्र साफ नाकारली. शिकायला परदेशी जाणार नाही, हे त्यांचं म्हणणं. शेवटी अट सैल झाली आणि 1917 साली रामन यांनी भरवशाची, मानाची, बढतीची सरकारी नोकरी सोडली. सुखवस्तू घरातली किती माणसं हे करतील?

या काळात त्यांचं लक्ष होतं ते वाद्यांवर. व्हायोलिनच्या तारांवर त्यांनी 1918 साली मोठा ग्रंथच लिहिला. वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीमुळे स्वराला जो भरदारपणा येतो, त्याचा त्यांनी 1921 साली अभ्यास केला. पण आपल्या घरोघरच्या वाचकांना अधिक जवळचं वाटेल ते तबला-मृदंगावरचं काम. चिमूरच्या परिसरात तपस्या केलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आपण ऐकलेली असते. खंजिरीचं कातडं साधं, त्याला शाई नाही. तिच्यातून ठेका निघतो, ठाम सूर निघत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध काळी शाई असते आणि तबला सुरात लागतो. असं का?

रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून पाहिलं. पुडी वाजते तेव्हा ती सगळी एकदम वर-खाली होत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं ती करतेही. पण एवढंच नाही. कधी एका रेषेने तिचे दोन भाग पडतात आणि एक भाग वर उचलला जात असताना दुसरा खाली दबतो. म्हणजे दोन्ही अर्धी विरुद्ध कलेत! मधली रेषा मात्र स्थिर राहते आणि उडालेली वाळू तिथे येऊन बसते. कधी पुडीचे चार भाग पडतात, कधी कडेचा भाग आणि मधला भाग परस्परविरुद्ध हलतात. साध्या कातड्यात या निरनिराळ्या कंपनांचा आपसात मेळ नसतो. शाईच्या वजनामुळे त्यांच्या गती अशा जुळून येतात, की नऊ प्रकारच्या कंपनांतून मूळ स्वर आणि त्याच्या पटीतले स्वर मिळून पाच सुरेल स्वर तयार होतात. शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 साली आणि पुढे बंगलोरला गेल्यावर अधिक विस्ताराने रामन यांनी हे दाखवून दिलं. शाईचा थरावर थर देत घोटणाऱ्या अनाम कारागिरांनी कानाने जे साधलं होतं, त्याचं गणित मांडणारा हा पहिला माणूस.

1921 साली ते पहिल्यांदा विलायतेला गेले, ते विद्यार्थी म्हणून नव्हे, विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून. परतीच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गर्द निळाईने त्यांना भुरळ घातली. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे नव्हे, तर पाण्याचे रेणूच प्रकाश विखरतात म्हणून, हे त्यांनी बोटीवरच पडताळून पाहिलं. तिथून सुरू झालेली वाट सात वर्षांनी 28 फेब्रुवारी 1928 ला पोचली. के. एस. कृष्णन हे त्यांचे सहकारी. द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज निराळे रंगही असतात, आणि ते त्या द्रवाच्या रेणूंच्या स्वतःच्या कंपनांतून येतात, असा तो शोध. हा नवा प्रकाश अतिशय मंद असतो. का? कारण इथे ओंडका हलवणारे मजूर हाळी देत नाहीत. प्रत्येक रेणू आपल्या कलेत डोलतो. शंभर लहरी एका कलेत आल्या, तर तेज एकीच्या दहा हजार पट होतं. वाटेल त्या कलेत आल्या, तर सरासरीने केवळ शंभर पट. एवढा मंद प्रकाश साध्या साधनांनी ओळखायला रामन यांचीच नजर हवी होती. 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

1933 साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले, आणि तिथेच एक मराठी मुलगी त्यांच्यासमोर उभी राहिली. मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. केवळ स्त्री म्हणून रामन यांनी तिला प्रवेश नाकारला. ती हटली नाही. अखेर वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर तिला घेण्यात आलं. वर्षाच्या शेवटी तिचं काम पाहून रामन यांनी आपलं मत बदललं आणि संस्थेचं दार मुलींना उघडलं. त्या अटींचा अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत, आणि का विसराव्यात? तरीही रामन जागचे हलले, हेही खरं.

1935-36 मध्ये नागेंद्र नाथ या तरुण सहकाऱ्याबरोबर रामन यांनी पाच निबंधांची एक मालिका लिहिली. द्रवातून कानांना ऐकू न येणारा अतितीव्र कंपनांचा ध्वनी सोडला, तर त्यात दाट-विरळ थर तयार होतात. त्यातून प्रकाश आरपार गेला, की दाट थरातला थोडा मागे पडतो, विरळ थरातला पुढे राहतो. उजेड कुठेही कमी होत नाही. बदलते ती केवळ कला. सपाट आलेली लहर बाहेर पडते ती नालीदार पत्र्यासारखी होऊन, आणि एवढ्यानेच पडद्यावर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना नवे ठिपके उमटतात. आज लेसरचा किरण ध्वनीने वळवणारी उपकरणं आहेत, त्यांच्या अभ्यासात रामन-नाथ ही जोडनावं अजून घेतली जातात. कला या कल्पनेवर इतकी हुकूमत असलेला माणूस तेव्हा देशात दुसरा नसावा.

आणि याच कल्पनेपाशी ते घसरले. त्यांच्याच निमंत्रणावरून माक्स बोर्न हे थोर जर्मन शास्त्रज्ञ 1935 साली बंगलोरला आले होते. त्यांना कायमचं ठेवून घेण्याचा रामन यांचा प्रयत्न संस्थेतल्या विरोधामुळे फसला आणि बोर्न परत गेले. 1937 साली रामन यांनाही संचालकपद सोडावं लागलं. मग 1940 नंतर या दोघांत वाद पेटला तो स्फटिकांवरून. स्फटिकात अणू एका आड एक, ओळीने मांडलेले असतात आणि सतत थरथरत असतात. रेला नाचात हातात हात गुंफून उभी राहिलेली माडिया स्त्री-पुरुषांची रांग डोळ्यांपुढे आणा. रामन म्हणत, की शेजारच्या घरातले सारखे अणू एक तर अगदी बरोबर हलतील किंवा अगदी उलट. पौर्णिमा किंवा अमावास्या, मधली तिथी नाही. बोर्न यांच्या मते शेजारी शेजाऱ्यापेक्षा किंचित मागेही असू शकतो, त्याहून थोडा अधिकही. रांगेतून लहान-मोठ्या सगळ्या लाटा जाऊ शकतात. 1950 नंतर न्यूट्रॉनच्या साह्याने स्फटिकांची ही थरथर प्रत्यक्ष मोजता आली. बोर्न बरोबर ठरले. रामन यांनी मात्र आपलं म्हणणं सोडलं नाही.

त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं, की हा वाद केवळ अणूंचा राहत नाही. जो माझ्याबरोबर नाही तो माझ्या विरुद्ध, अशी त्यांची वृत्ती होत गेली. सहकारी दुरावले. 1948 साली निवृत्त होऊन त्यांनी बंगलोरलाच स्वतःची संस्था काढली. 1954 साली भारतरत्न मिळालं. पण हिऱ्यांच्या, फुलांच्या, रंगांच्या अभ्यासात ते अधिकाधिक एकटे होत गेले. निम्म्या पगारावर नोकरी सोडणारा ठामपणा आणि चूक कबूल न करणारा हट्ट एकाच माणसात, एकाच मुळातून आलेले. पहिल्याचं कौतुक करताना दुसरा आपण तसबिरीच्या हाराखाली झाकतो. मुलांना दोन्ही सांगायला हवेत, असं मला वाटतं. चुकणारा मोठा माणूस मुलांना अधिक जवळचा वाटतो.

21 नोव्हेंबर 1970 रोजी रामन गेले. त्यांच्या संस्थेच्या बागेतच त्यांना अग्नी दिला गेला. तिथे पुतळा नाही, समाधी नाही. एक झाड लावलेलं आहे.

यंदा 28 फेब्रुवारीला तसबीर बाहेर निघेल तेव्हा एखाद्या गुरुजींनी भाषण थोडं आवरतं घ्यावं आणि मुलांना अंगणात न्यावं. एका फांदीला सारख्या दोरीचे दोन झोके बांधावेत. एकीला आधी सोडावं, दुसरीला मागून. आणि विचारावं, आता या दोघींत किती तिथ्यांचं अंतर आहे?